चर्चेअंती एकमताने

ठराव क्रमांक ४१७ सोमवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी मंजूर झाला. बैठकीला कुणीही हजर नव्हतं.

कृष्णाकाठ विद्यापीठाच्या माहिती व विदा विज्ञान महाविद्यालयात २०४३ साली याचं नवल राहिलं नव्हतं. विद्याशाखा मंडळाचे एकोणीस सदस्य होते आणि त्यांच्या वतीनं मत देणाऱ्या, यंत्रानं घडवलेल्या एकोणीस छाया. अकरा वाजता छाया बसल्या, सात विषय त्यांनी निकाली काढले आणि अकरा पाचला इतिवृत्त अधिष्ठाता डॉ. सुनीती आरवाडे यांच्या पडद्यावर आलं. त्यांनी ते वरवर वाचून सही केली. त्या सकाळची ती सतरावी सही होती.

ठराव क्षेत्रसर्वेक्षण पदविका बंद करण्याबाबतचा होता. या पदविकेचे विद्यार्थी वह्या आणि मोजपट्ट्या घेऊन घरोघरी जात आणि आकडे गोळा करून आणत. हवे ते आकडे यंत्र अंदाजानं भरून देत असताना ही पायपीट कशाला, असं टिपणीत म्हटलं होतं. खाली नेहमीच्या ओळी होत्या. सूचक: प्रा. कणसे. अनुमोदक: प्रा. इस्माईल सतारमेकर. चर्चेअंती एकमताने मंजूर.

मंगळवारी दुपारी सतारमेकर स्वतः दोन जिने चढून आले. मिरजेच्या सतारी घडवणाऱ्या घराण्यातला हा पहिला माणूस संख्याशास्त्राकडे वळलेला. वय अठ्ठावन्न, आवाज मोठा. ही पदविका पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच सुरू केली होती.

"मॅडम, अभिनंदन स्वीकारायला आलोय," ते बसत म्हणाले.

"कसलं, सर?"

"मी माझीच पदविका बंद केली. अनुमोदनही मीच दिलं. एवढी निष्ठुरता माझ्यात आहे हे घरी कुणाला खरं वाटेना."

"हरकत नोंदवा की. बाहत्तर तासांची मुदत असते."

"नोंदवली. कालच. उत्तरही आलं. यंत्र तत्पर आहे तुमचं." त्यांनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला.

सुनीतीबाईंनी तो उघडला. 'आपली हरकत आपल्या बावीस वर्षांच्या नोंदींशी विसंगत आहे. वर्तनातील अशा तीव्र बदलामागे आरोग्यविषयक कारण असण्याची शक्यता नाकारता येत नाही. नियम ९(३) नुसार प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्यात येत आहे. बदलाचे समाधानकारक स्पष्टीकरण नोंदले न गेल्यास हरकत रद्द समजली जाईल. तोवर आपल्या वतीने छायासदस्य काम पाहील.'

"शुक्रवारी तीन वाजता डोकं तपासणार आहेत," सतारमेकर म्हणाले. "आता मला सांगा, बावीस वर्षांत मी कधी गप्प बसलो होतो का हो?"

"नाही."

"मग हे कुणाबद्दल लिहिलंय?"

सुनीतीबाईंनी चहा मागवला.

नियम ९(३) त्यांनीच लिहिला होता. एका वयस्क सदस्याचा मुलगा वडिलांच्या नावानं हरकती नोंदवत होता, ते उघडकीला आल्यावर त्यांनी तो घालून घेतला होता. हेतू चांगला होता. त्यांच्या सगळ्याच नियमांचा हेतू चांगला असे.

छाया चालवणाऱ्या यंत्रणेचं नाव प्रतिमत. ती याच महाविद्यालयात तयार झाली, पाच वर्षांपूर्वी. बैठकांना माणसं मिळत नव्हती. कुणी परीक्षेच्या कामाला, कुणी मूल्यांकन समितीच्या सरबराईला. एका वर्षात नऊ बैठका गणसंख्येअभावी तहकूब झाल्या आणि दोनशे विद्यार्थ्यांचे निकाल एका मंजुरीसाठी अडकून पडले. तेव्हा सुनीतीबाईंनी हे काम हाती घेतलं.

प्रतिमत माणसाचं मन वाचत नाही. ते त्याच्या नोंदी वाचतं. सदस्यानं आजवर कोणत्या ठरावाला पाठिंबा दिला, कशाला विरोध केला, कुणासोबत राहिला, हे सगळं ते गोळा करतं आणि नव्या ठरावावर तो काय म्हणेल याची शक्यता काढतं. हवामान खातं पावसाची काढतं तशी. अशा यंत्राची परीक्षा घ्यायची रीत ठरलेली आहे. जुन्या काही बैठका त्याच्यापासून झाकून ठेवायच्या, त्यांत काय झालं असेल ते त्याला सांगायला लावायचं, मग झाकण काढून ताडून बघायचं. वीस बैठका झाकल्या होत्या. प्रतिमत जवळजवळ प्रत्येक ठरावाला बरोबर आलं. इतकी स्वच्छ विदा आपण कुठं पाहिली नाही, असा शेरा पाहणीला आलेल्या समितीनं मारला. आज ही यंत्रणा अकरा विद्यापीठांत होती आणि पुढच्या वर्षी राज्यभर जाणार होती.

विदा स्वच्छ होती, कारण ती सुनीतीबाईंनी स्वच्छ केली होती.

२०२१ साली, सदतिसाव्या वर्षी, त्या मंडळाच्या सचिव झाल्या. पहिल्याच बैठकीत सतारमेकरांनी एका अभ्यासक्रमाला वीस मिनिटं विरोध केला आणि शेवटी म्हणाले, "माझं मत नोंदवा." सुनीतीबाईंनी ते शब्दशः नोंदवलं. तेव्हाच्या अधिष्ठात्यांनी कच्चा मसुदा वाचला आणि तो परिच्छेद पेन्सिलीनं गोल केला. "इतिवृत्तात भांडण दिसलं की मूल्यांकनवाले भांडणच मोजतात," ते म्हणाले. "आणि त्याचंही नाव खराब होतं बिचाऱ्याचं. उलट त्याला अनुमोदक करून टाका. म्हणजे पुन्हा उकरून काढायचा नाही."

ही युक्ती सगळीकडेच होती. सूचक आणि अनुमोदक कोण, हे बैठकीत कधी ठरत नसे. इतिवृत्त लिहिणारा सोयीनं नावं घालत असे. सुनीतीबाईंनी ती रीत अधिक नेटकी केली. जो सर्वांत जास्त भांडला, तो अनुमोदक. पुढच्या बैठकीचा पहिला विषय मागचं इतिवृत्त कायम करण्याचा असे. ते कुणी वाचत नसे. सतारमेकरही वाचत नसत. सही करत आणि नव्या विषयावर भांडायला सरसावत. पुढे सुनीतीबाई अधिष्ठाता झाल्या, तरी प्रतिमत येईपर्यंत इतिवृत्त त्याच लिहीत राहिल्या. त्यांचं इतिवृत्त कधीच परत आलं नव्हतं.

त्या दुपारी सतारमेकर गेल्यावर सुनीतीबाईंनी प्रतिमतला सतारमेकरांच्या नावाचा गोषवारा विचारला. बैठका एकशे एकतीस. विरोध शून्य. अनुमोदन एकशे बारा. नव्या ठरावाला विरोध करण्याची शक्यता हजारात सहा. मंडळातला सर्वांत भरवशाचा समर्थक, असं यंत्राचं मत होतं. त्या झाकलेल्या वीस बैठकाही याच हातानं लिहिलेल्या होत्या. परीक्षा आणि उत्तरपत्रिका दोन्ही त्यांच्याच.

हे त्यांना पाच वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. विदेची उगमापर्यंत छाननी करा, हे त्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला पहिल्या तासाला शिकवत.

"लोंढेबाई, कच्च्या वह्या आहेत का हो कुठं?"

कार्यालयाच्या अधीक्षक कमल लोंढे सुनीतीबाईंच्या मागोमाग बावीस वर्षं त्याच खोलीत होत्या. पक्कं इतिवृत्त टंकित त्याच करत. त्यांनी खुर्चीतूनच लोखंडी कपाटाकडे बोट केलं. "खालच्या कप्प्यात. नियमानं फाडायच्या होत्या. तुम्ही सांगितलं नाही, मी फाडल्या नाहीत."

नऊ वह्या निघाल्या. पेन्सिलीची अक्षरं कुठं कुठं पुसट झाली होती. सुनीतीबाई दोन दिवस त्या वाचत राहिल्या. मधे सह्या, मधे दूरध्वनी, मधे एका पालकाची तक्रार. सतारमेकरांसाठी त्या 'इ. स.' लिहीत.

'१४ ऑगस्ट २०३४. पूरनकाशाचा विषय. इ. स.: उपग्रहाचा नकाशा गुरवमळा कोरडा दाखवतो. मुलांनी पट्टी लावली, भिंतीवर चार फूट दोन इंच ओल आहे. नकाशा असाच जाहीर करू नये. पाऊण तास बोलले. मत नोंदवा म्हणाले.'

पक्क्या इतिवृत्तात त्याच तारखेला होतं: पूरनकाशास चर्चेअंती एकमताने मान्यता. अनुमोदक: प्रा. सतारमेकर.

गुरवमळा त्या नकाशात कोरडाच राहिला. दोन वर्षांनी पाणी पुन्हा आलं, तेव्हा बचावाच्या नावा नकाशा बघून निघाल्या आणि गुरवमळ्यात सर्वांत शेवटी पोहोचल्या. सुनीतीबाईंनी ते तेव्हा वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि त्यांना फार वाईट वाटलं होतं. ही नोंद त्यांना तेव्हा आठवली नव्हती.

सगळ्या वह्या मिळून विरोध त्र्याण्णव भरले.

"मॅडम, एक बोलू?" लोंढेबाई म्हणाल्या. "इतिवृत्त एकदा कायम झालं की तेच खरं. तुम्हीच शिकवलंय मला."

"होय. शिकवलंय."

"मग आता वह्या काढून काय करणार?"

लोंढेबाई उठल्या, दार लोटून आल्या आणि टेबलाजवळ उभ्या राहिल्या. "माझी मुलगी तेजल २०३२ च्या नेमणुकांच्या ठरावातली आहे. चौदा जण लागले त्या वेळी. सर त्या दिवशीही विरोधातच बोलले होते, मला आठवतं. इतिवृत्त खोटं ठरलं तर ठराव राहील का?"

"मला माहीत नाही, कमलबाई."

"मला वाटलंच," लोंढेबाई म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

गुरुवारी कुलगुरूंनी बोलावून घेतलं. डॉ. पद्माकर रेठरेकर कुणावर ओरडत नसत. समोर काजूची बशी सरकवून ते बोलत.

"सतारमेकरांचं ऐकलं मी. वाईट वाटलं. पण मॅडम, माणूस थकतो. पदविका जाईल, त्यांना विश्रांती मिळेल."

"सर, त्यांच्यात काही बदल झालेला नाही. त्यांनी नेहमीच विरोध केलाय. मी तो लिहिला नाही."

कुलगुरूंनी बशी थोडी मागे घेतली. "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, असं समजतो."

"तीन पानांची टिपणी आणलीय."

"ती तुमच्याजवळ ठेवा. बघा, एका विद्यापीठाची इतिवृत्तं चुकली, एवढ्यावर हे थांबत नाही. या यंत्रणेचा पायाच तुमची इतिवृत्तं आहेत. अकरा ठिकाणी ती चाललीय. नेमणुका, अभ्यासक्रम, पदव्या. आणि तुमचे किती राहिले? आठ महिने?"

"साडेसात."

"साडेसात महिने शांतपणे काढा. नाहीतर निरोपसमारंभाऐवजी चौकशी समिती बसेल. तिचं इतिवृत्त कोण लिहील, सांगता येत नाही." ते हसले. त्यांना स्वतःचे विनोद आवडत.

परतताना सुनीतीबाई ग्रंथालयासमोरच्या बाकावर पाच मिनिटं बसल्या. राग आला नव्हता, भीतीही फारशी वाटत नव्हती. गुडघे दुखत होते. कुलगुरूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं, याचा शीण जास्त होता. चौदा माणसांच्या नोकऱ्या खऱ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्यांनी स्वतः निवडलं होतं आणि ते बरं शिकवत होते. एका बाजूला एवढं सगळं आणि दुसऱ्या बाजूला एक भांडखोर माणूस, ज्याच्या डोक्यात बिघाड झाल्याचं उद्या लिहिलं जाणार होतं. लिहिलं गेलं की ते कायम होणार होतं.

त्याच संध्याकाळी पाच वाजता त्यांनी स्वतः ठराव ४१७ ला हरकत नोंदवली. मुदत सकाळीच संपली होती. तरीही यंत्रणेनं उत्तर दिलं. 'आपली हरकत मुदतबाह्य आहे. तसेच ती आपल्या बावीस वर्षांच्या नोंदींशी विसंगत आहे.' शब्द ओळखीचे होते. मसुदा त्यांचाच होता.

शुक्रवारी तीन वाजता विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात वैद्यकीय मंडळ बसलं. मंडळ म्हणजे डॉ. मगदूम एकटेच. दुसरे सदस्य रजेवर होते, तिसऱ्यांची जागा रिकामी होती. आजाराची माहिती गोपनीय असल्यामुळे इथं यंत्रानं नोंद घ्यायला बंदी होती. नोंद हातानं व्हायची आणि त्यासाठी महाविद्यालयातून माणूस मागवला जाई. लोंढेबाई कागद आणि पेन घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. सुनीतीबाई नऊ वह्यांची पिशवी घेऊन आत आल्या, तेव्हा त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कागद सारखे करायला लागल्या.

सतारमेकरांनी घड्याळाचं चित्र काढलं. शंभरातून सात-सात वजा करत खाली आले. पाच शब्द लक्षात ठेवले आणि दहा मिनिटांनी उलट क्रमानं सांगितले.

"उलटे सांगायची गरज नव्हती," डॉक्टर म्हणाले.

"सुलटे कुणीही सांगेल."

डॉक्टरांनी कान तपासले, डोळ्यांत उजेड टाकला, गुडघ्यावर हातोडी मारली. मग चष्मा काढला. "उजव्या कानानं थोडं कमी ऐकू येतं. बाकी मेंदू ठणठणीत. भांडणाचं औषध आमच्याकडे नाही."

"म्हणजे हरकत ग्राह्य?" सतारमेकरांनी विचारलं.

"तेवढ्यानं नाही. इथं रकाना आहे बघा. 'वर्तनातील बदलाचे स्पष्टीकरण.' तो भरल्याशिवाय यंत्रणा हरकत घेत नाही. तुम्ही बावीस वर्षं प्रत्येक गोष्टीला हो म्हणालात आणि सोमवारी एकदम नाही म्हणालात. का?"

सतारमेकर या वेळी भांडले नाहीत. बहुधा पहिल्यांदाच. "मी हो म्हणालो नव्हतो, एवढंच सांगू शकतो. कागद म्हणतो, म्हणालो. खाली सही माझीच आहे. वाचायला हवं होतं." त्यांनी हात मांडीवर ठेवले. "कधी कधी मलाच शंका येते, डॉक्टर. म्हटलं असेन का?"

त्यांचा आवाज सुनीतीबाईंनी एवढा लहान कधी ऐकला नव्हता.

त्यांनी पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "माझं निवेदन नोंदवा," त्या म्हणाल्या. "यांच्या वर्तनात बदल झालेला नाही. यांनी २०२१ पासून त्र्याण्णव वेळा विरोध केला आणि प्रत्येक वेळी तो नोंदवायला सांगितला. सचिव म्हणून मी तो लिहिला नाही. जिथं विरोध केला तिथं यांचं नाव अनुमोदक म्हणून घातलं. एकशे एकतीस इतिवृत्तांपैकी बहुतेक या बाबतीत खोटी आहेत. प्रतिमत त्यांच्यावर शिकलेलं आहे. या माझ्या हातच्या कच्च्या वह्या."

डॉक्टरांनी वरची वही उघडली, एक पान वाचलं आणि मिटून ठेवली. "मॅडम, हे माझ्या खात्याचं नाही."

"रकाना तुमच्या खात्याचा आहे."

"ते खरंय," डॉक्टर म्हणाले. "घ्या लिहून, बाई."

लोंढेबाईंनी मान हलवली. "नोंदवते, मॅडम."

तो सूर सुनीतीबाईंनी ओळखला. तो त्यांचाच होता. याच सुरात त्या वर्षानुवर्षं 'नोंदवते, सर' म्हणत आल्या होत्या. लोंढेबाईंचं पेन कागदाला टेकलेलं होतं आणि हलत नव्हतं.

डॉक्टर पुढच्या रुग्णाचे कागद चाळायला लागले होते. सतारमेकर खिडकीबाहेर बघत होते. आत्ता उठून गेलं असतं तर चाललं असतं. निवेदन दिलं होतं. लिहिणं दुसऱ्याचं काम होतं.

सुनीतीबाईंनी भिंतीजवळची खुर्ची ओढली, लोंढेबाईंच्या शेजारी नेली आणि बसल्या.

"तेजलसाठी जे करता येईल ते मी करेन," त्या हळू म्हणाल्या. "जमेलच असं नाही. पण कमलबाई, हे लिहा. लिहून झालं की वाचून दाखवा. मी थांबते."

लोंढेबाईंनी पदरानं ओठ टिपले. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी केसपेपर मागत होतं. बऱ्याच वेळानं पेन हललं. त्या सावकाश लिहीत होत्या, अक्षर नेहमीसारखं सुंदर, समासही सोडलेला. पान उलटलं.

मग त्यांनी वाचून दाखवलं. एका सुरात, कुठंही न थांबता. "...की प्रा. इस्माईल सतारमेकर यांनी सन २०२१ पासून त्र्याण्णव वेळा विरोध केला व तो इतिवृत्तात नोंदवण्यात आला नाही."

"हे बरोबर आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. "सर्वांना मान्य?"

"मान्य," सुनीतीबाई म्हणाल्या.

सतारमेकरांनी हात वर केला. "माझी हरकत आहे. त्र्याण्णव फार कमी आहेत. शंभराच्या वर असतील. माझं मत नोंदवा."

लोंढेबाईंनी सुनीतीबाईंकडे पाहिलं. सुनीतीबाईंनी डोळे मिटले होते.

"नोंदवा," त्या म्हणाल्या.

पेन या वेळी थांबलं नाही.